घरातील धूळ आणि दमेकरी मूल

(माढा येथे प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शिक्षकांच्या मेळाव्यात अध्यापनपद्धतीवर बोलावे, पटनोंदणीवर बोलावे, असा आपला प्रघात आहे. दम्यासारख्या रोगावर बोलावयाचे तर एखाद्या डॉक्टरांस पाचारण करावे, शिक्षकाने त्यात का पडावे, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. मी वैद्यकाचा जाणकार नाही. जे वाचले व जाणत्यांकडून समजून घेतले तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहे. परंतु ह्या विषयात माझ्या हातून एकदा एक चूक घडली, आणि ती चूक वैद्यकाची नसून शिक्षकाची होती. म्हणून तिच्याविषयी शिक्षकांपुढेच बोलणे मला योग्य वाटते.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. वर्ग झाडण्याच्या पाळ्या मुलांना लावून दिलेल्या होत्या. त्यांतील एका मुलाची पाळी गुरुवारी येई, आणि शुक्रवारी तो हटकून गैरहजर राही. एके दिवशी तो भीत भीत म्हणाला, “गुरुजी, माझी पाळी काढा.” कारण विचारले तर खाली मान घालून उभा राहिला. मी त्यास कामचुकार ठरविले, आणि शिक्षा म्हणून आठवड्यात एकाऐवजी दोन पाळ्या दिल्या. त्यानंतर पंधरवडाभर तो शाळेत आलाच नाही. चौकशीस घरी गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, “गुर्जी, लेकरू रातभर बसून काढतंय. छाती भात्यावानी वाजतीया.” परत येऊन मी हजेरीपट उघडला. शुक्रवारच्या रकान्यात गैरहजेरीच्या खुणा एकीखाली एक अशा मांडल्यासारख्या होत्या. हजेरीपटाने मला केव्हाच सर्व सांगितले होते. मलाच ते वाचता आले नव्हते.

गुरुवारी सकाळी झाडलेल्या धुळीने गुरुवारी रात्री दम का लागावा? मधले आठ-दहा तास ते मूल खेळत-बागडत असते, मग धुळीचा दोष कसा? ह्या प्रश्नाचे उत्तर समजले, म्हणजे दम्याविषयीचे निम्मे गैरसमज दूर होतात. त्यासाठी प्रथम श्वासमार्गाची रचना ध्यानात घेऊ.

नाकावाटे घेतलेला श्वास घशातून मुख्य श्वासनलिकेत उतरतो. ती छातीत दुभंगते, आणि तिच्या शाखा-उपशाखा झाडाच्या फांद्यांप्रमाणे बारीक होत जाऊन अखेर फुप्फुसांतील वायुकोशांपाशी पोहोचतात. ह्या नळ्यांना आतून नाजूक अंतस्त्वचा असते व तिच्याभोवती स्नायूंचे वेढे असतात. हवेतील धुळीचे मोठे कण बहुतांशी नाकातच अडकतात. बारीक कण खाली उतरतात. निरोगी माणसाच्या नळीत ते पातळ श्लेष्म्यास चिकटतात आणि अंतस्त्वचेवरील सूक्ष्म केसांच्या हालचालीने वर ढकलले जातात. एवढ्यावर ते प्रकरण संपते.

पुष्कळशा दमेकऱ्यांच्या बाबतीत मात्र ते तेथे संपत नाही, कारण त्यांच्या शरीराला काही कणांचे वावडे असते. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली योजिला. आपल्या बोलीत त्यासाठी ‘वावडे’ हा शब्द आहेच. ज्या मुलाची मुळात तशी प्रवृत्ती असते, त्याच्या श्वासावाटे एखादे प्रथिन वारंवार आत गेले म्हणजे त्याविरुद्ध आयजीई नावाचे प्रतिद्रव्य तयार होते. हे प्रतिद्रव्य १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारे इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधील युहान्सन व बेनिख ह्या दोन संशोधक-जोड्यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले. श्वासनलिकेच्या अंतस्त्वचेत मास्ट पेशी असतात. त्यांच्या पृष्ठभागावर आयजीई जाऊन बसते, आणि त्या पेशी जणू भरलेल्या बंदुकीप्रमाणे सज्ज राहतात.

पुढे तेच प्रथिन पुन्हा आले की मास्ट पेशी फुटून हिस्टामिन व अन्य तीव्र द्रव्ये बाहेर टाकतात. काही मिनिटांतच स्नायूंचे वेढे आवळतात, नळी अरुंद होते, मूल खोकू लागते. ही पहिली लाट. तास-दोन तासांत ती बहुधा ओसरते, आणि आपण म्हणतो, ‘बरे झाले, थांबले.’ परंतु त्याच द्रव्यांच्या हाकेने रक्तातील इओसिनोफिल आदी पांढऱ्या पेशी तेथे गोळा होत असतात. सुमारे चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते. ह्या वेळी केवळ स्नायू आवळत नाहीत. अंतस्त्वचा सुजते, चिकट श्लेष्मा साचतो, आणि ही अवस्था पुष्कळ तास टिकते. सकाळी झाडलेल्या धुळीचा हिशेब रात्री चुकता होतो तो असा. प्रत्येकाला दोन्ही लाटा येतातच असे नाही. परंतु कारण व परिणाम यांत इतके अंतर पडू शकते हे ज्यास ठाऊक नाही, तो मुलास खोटे ठरवितो किंवा रात्रीच्या जेवणातील दह्या-ताकाला दोष देतो.

दम्यात श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अधिक जड जाते. श्वास सोडताना नळ्या स्वभावतःच थोड्या आकुंचित होतात. आधीच सुजलेल्या नळीत तेवढ्यानेही वाट बुजते, हवा आत कोंडते, आणि फटीतून निघणारी हवा शीळ घालते. वर्गात हे समजावून द्यावयाचे झाल्यास रिकाम्या बॉलपेनच्या नळीतून दोन-तीन श्वास सोडून पाहावे. अर्थात दमेकरी मुलास हा प्रयोग करावयास लावू नये. त्याला त्याची गरजही नाही.

अशी सूज वारंवार येत राहिली म्हणजे श्वासनलिका हळव्या होतात. मग ज्यांचे वावडे नाही अशा गोष्टींनीही त्या आवळतात. चुलीचा धूर, उदबत्ती, थंड वारा, धावणे, फार काय, मनमोकळे हसणेही पुरते. राखेखाली निखारा असावा आणि कोणत्याही फुंकरीने तो फुलावा, तसा हा प्रकार आहे. धूर हा निखारा फुलवणारा. पण निखारा तेवत ठेवणारे प्रथिन बहुधा घरातच, आणि फार जवळ, असते.

ते कोठून येते? आपल्याकडील जुन्या वैद्यकानेही धुळीकडे दुर्लक्ष केलेले नाही. चरकसंहितेत श्वासरोगाच्या कारणांत धूळ व धूर यांचा उल्लेख आहे, आणि तमकश्वासाचा रोगी बसल्याने सुखावतो हे निरीक्षणही आहे. पण धुळीत नेमके काय, हे कळावयास विसावे शतक उजाडावे लागले. घरातील धुळीने दमा उफाळतो हे १९२१-२२ च्या सुमारास अमेरिकेतील डॉक्टरांनी नोंदविले होते. पुढे १९६४ साली नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, खरा अपराधी धुळीत राहणारा एक सूक्ष्म जीव आहे. इंग्रजीत त्यास माइट म्हणतात. तो गोचिडाच्या दूरच्या नात्यातला, आठ पायांचा, आणि एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. तो चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून रोज गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर तो जगतो; म्हणून त्याचे वास्तव्य जेथे आपण निजतो तेथे, म्हणजे उशीत, गादीत व गोधडीत असते. त्याच्या विष्ठेचे कण हे वावड्याचे मुख्य उगमस्थान होय, असे १९८१ साली सिद्ध झाले. त्या कणांतील प्रथिन मूळचे अन्न पचविणारे असल्यामुळे अंतस्त्वचेच्या पेशींमधील सांधेही ते सैल करते आणि स्वतःच आत शिरावयास वाट करून घेते.

हा जीव पाणी पीत नाही; हवेतील दमटपणाच शोषून घेतो. हवा बराच काळ कोरडी राहिली तर तो मरतो. ही गोष्ट आपल्या माढे तालुक्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आपला मुलूख अवर्षणाचा. चैत्र-वैशाखात ऊन चाळीस अंशांपलीकडे जाते. त्या दिवसांत हा जीव आपल्याकडे फारसा फोफावत नाही. परंतु मृग बरसला, माळवद ओलावले, खिडक्या-दारे बंद झाली, आणि ओलसर गोधड्या घडीवर घडी पडून राहिल्या, म्हणजे त्याला हवे ते सर्व मिळते. श्रावण-भाद्रपदात त्याची वाढ होते, आणि अश्विनात, पाऊस सरता सरता, त्याने साचविलेली घाण भरपूर असते.

नेमक्या त्याच वेळी आपल्या घरांत ‘दसरा काढतात’. घटस्थापनेपूर्वी घरातील भांडे न् भांडे घासावयाचे, माळवदाची जळमटे काढावयाची, गोधड्या-वाकळा ओढ्यावर किंवा विहिरीवर नेऊन आपटून धुवावयाच्या व कडक उन्हात टाकावयाच्या, ही आपल्या आयाबहिणींची पिढ्यान्पिढ्यांची रीत. माइटचे नावही ठाऊक नसताना त्यावरचा उपाय त्यांनी नेमक्या महिन्यात बसविला होता. थंड पाण्याने धुतल्यास वावड्याचे प्रथिन पुष्कळसे निघून जाते. पंचावन्न-साठ अंशांच्या कढत पाण्याने जीवही मरतो. आणि प्रखर कोरड्या उन्हानेही तो मरतो. केवळ ऊन दाखवून भागत नाही, कारण जीव मेला तरी त्याची विष्ठा मागे राहते. म्हणून धुणे व झटकणे दोन्ही पाहिजे.

ह्या उत्तम रीतीत दोन उणिवा मात्र आहेत. पहिली, ती वर्षातून एकदाच होते. घरातील सर्व वाकळा दर आठवड्यास धुणे कोणाही माउलीस शक्य नाही. पण दमेकरी मुलाची एक उशीची खोळ व एक पांघरूण धुणे शक्य आहे. आपल्या सोलापूरची चादर ह्या कामी वाकळेपेक्षा बरी, कारण ती धुतली जाते व लवकर वाळते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. दसरा काढताना हाताशी मूल हवे म्हणून त्याच दमेकरी मुलास माळवद झाडावयास वर चढवितात. पोर मुलगी असेल तर विचारूच नका. झाडणे, पाखडणे, गोधड्या झटकणे हे तिचेच काम समजले जाते. त्या दिवशी ह्या मुलास घराबाहेर, धुळीपासून दूर ठेवावे, एवढे आपण पालकांस सांगितले तरी एखादी काळरात्र टळेल.

गोधडीखेरीज आणखीही ठिकाणे आहेत. झुरळांच्या विष्ठेतील व अंगाच्या चुऱ्यातील प्रथिनांचे वावडे १९६४ साली अमेरिकेत बर्नटन व ब्राउन यांनी दाखविले. तेथील शहरांतील ४७६ दमेकरी मुलांच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की, ज्यांना झुरळाचे वावडे होते व ज्यांच्या निजण्याच्या खोलीत झुरळांचा वावर होता, त्यांना इतरांच्या तिपटीहून अधिक वेळा रुग्णालयात दाखल व्हावे लागले. मांजराच्या लाळेत व त्वचेत असलेले प्रथिन फार हलके असते. ते तासन्‌तास हवेत तरंगते व कपड्यांवरून शाळेतही पोहोचते. स्वीडनमधील २००१ सालच्या एका अभ्यासात, मांजराचे वावडे असलेली मुले जर मांजर पाळणाऱ्यांची संख्या जास्त असलेल्या वर्गात बसत असतील, तर त्यांचा दमा सत्र सुरू झाल्यावर बळावतो, असे दिसून आले. घरी मांजर नसतानाही! शिवाय ओलसर भिंतीवरची बुरशी आहे, उंदरांचे मूत्र आहे, आणि आपल्या ज्वारीच्या मुलखात धान्याची धूळ आहे. रास मळताना उडणारी कूस, कणगी उपसताना निघणारा भुसा, पोत्यांतील किडे व बुरशी हे सर्व श्वासात जाते. धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्या लोकांना खोकला व दम लागतो हे इटलीच्या रामात्झिनी यांनी १७०० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे.

येथे एक इशारा दिला पाहिजे, नाही तर आपण उत्साहाच्या भरात पालकांना भलती आशा दाखवू. केवळ धूळ आवरल्याने दमा जात नाही. इंग्लंडमध्ये १,१२२ प्रौढ दमेकऱ्यांवर केलेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात, गादी-उशीला माइट-रोधक आवरणे घातल्याने काहीही अधिक लाभ झाला नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील सात शहरांतील ९३७ मुलांचे परीक्षण प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक मुलाला कशाचे वावडे आहे ते आधी तपासले, आणि त्याप्रमाणे त्याच्या घरात बिछाना, झुरळे, तंबाखूचा धूर अशा अनेक बाजूंनी एकदम उपाय केले; तेव्हा मुलांचे त्रासाचे दिवस खरोखरच कमी झाले. ह्या दोहोंतून घ्यावयाचा धडा असा की, एकच वस्तू बदलून भागत नाही, आणि सर्वांना एकच उपाय लागू पडत नाही. ह्या मुलाला काय बाधते हे आधी पाहिले पाहिजे. सर्वच दमा वावड्याचा नसतो, हेही विसरू नये. आणि उपचाराचा पाया म्हणजे डॉक्टरांनी दिलेले श्वासावाटे घ्यावयाचे औषधच होय. धूळ आवरणे हे त्याला साहाय्यक आहे, पर्याय नव्हे.

ह्या औषधाविषयी आपल्या खेड्यांत मोठी भीती आहे. ‘पंपाची सवय लागते’, ‘मुलीच्या हातात पंप दिसला तर सोयरीक मोडेल’, असे बोलले जाते. वस्तुतः श्वासावाटे घेतलेले औषध थेट नळीत पोहोचत असल्याने त्याची मात्रा गोळीपेक्षा पुष्कळच कमी लागते, आणि त्याचे व्यसन लागत नाही. भारतात सुमारे साडेतीन कोटी दमेकरी आहेत. जगातील दमेकऱ्यांत आपला वाटा आठव्या हिश्शाच्या आसपास, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र पाचांत दोनहून अधिक, असा अंदाज आहे. रोग आपल्याकडे अधिक क्रूर आहे असे नव्हे. औषध वेळेवर व नियमित घेतले जात नाही, हे त्याचे एक मोठे कारण आहे. गावात ज्याचा शब्द अद्याप मानला जातो असा शिक्षक ह्या बाबतीत पुष्कळ करू शकेल.

आता शाळेकडे वळू. आपल्या हातचे जे आहे तेवढेच सांगतो.

१. वर्ग झाडताना आधी पाणी शिंपडावे, किंवा ओल्या फडक्याने पुसावे. मुले वर्गात बसलेली असताना झाडू नये. जिला-ज्याला दमा आहे त्यास झाडण्याच्या पाळीतून वगळावे, परंतु काम न देता बसवू नये. दुसरे काम द्यावे. त्याचा कमीपणा त्यास वाटता कामा नये.

२. पावसाळ्यात गुंडाळून ठेवलेल्या तरटपट्ट्या व सतरंज्या उघडीप मिळताच उन्हात टाकाव्यात, आणि त्या दूर, वाऱ्याच्या दिशेकडे झटकाव्यात. पोषण आहाराची पोती वर्गात ठेवू नयेत. जागाच नसेल तर जमिनीपासून उंच, झाकून ठेवावीत व सांडलेले दाणे रोज उचलावेत.

३. फळा कोरडा झटकण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावा. खडूची भुकटी वावड्याची नसली तरी हळव्या नळीस ती टोचते.

४. ज्या मुलास वरचेवर खोकला व दम लागतो, त्याच्या गैरहजेरीशेजारी एका वहीत आदल्या दिवशी काय घडले ते टिपावे: झाडलोट, मळणी, पाखडणे, पाहुण्याच्या घरची जुनी गादी, मांजर, ओल. महिन्याभराची अशी टिपणे डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतात. रोगाचे निदान आपण करू नये. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला क्षयाचाही असू शकतो. तो तपासून घ्यावयास लावावा.

५. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्याच्या तपासणीच्या यादीत श्वासनलिकेच्या ह्या विकाराचा समावेश आहे. पथक शाळेत येईल तेव्हा अशा मुलांची नावे आपण होऊन पुढे करावीत.

६. वर्गात दम लागल्यास मुलास आडवे करू नये. ताठ, किंचित पुढे झुकवून बसवावे, भोवतालची गर्दी हटवावी, आणि डॉक्टरांनी त्याला दिलेले तात्काळ आरामाचे औषध त्यास घेऊ द्यावे. सलग वाक्य बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा शीळ थांबून मूल थकून निपचित होत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शीळ थांबली म्हणजे दम उतरला, असे समजू नये. कधी कधी शीळ घालण्याइतकीही हवा आत-बाहेर होत नसते.

बंधुभगिनींनो, दमा स्पर्शजन्य नाही. शेजारी बसल्याने तो दुसऱ्यास होत नाही. तरीही आपल्या वर्गातील असे मूल बहुधा एकटे पडलेले असते: खेळात घेतले जात नाही म्हणून, रात्री जागून सकाळी पेंगते म्हणून, आणि त्याच्या म्हणण्यावर कोणाचा विश्वास बसत नाही म्हणून. पहिल्या दोन गोष्टींना इलाज करावयास वेळ लागेल. तिसरीचा इलाज आपल्यापाशी आहे.

ज्या मुलाच्या गोष्टीने मी आरंभ केला, त्याची झाडण्याची पाळी मी काढून घेतली, आणि रोज हजेरी पुकारण्याचे काम त्यास दिले. त्याच्या आईने त्याची वाकळ निराळी केली, वडिलांनी त्यास तालुक्याच्या दवाखान्यात नेले. दमा गेला नाही. पण शुक्रवारचा रकाना भरू लागला. मी त्यास दिलेल्या त्या दोन पाळ्या मात्र माझ्या मनातून अजून गेलेल्या नाहीत. आपणांपैकी कोणावर असे मनात बाळगण्याची वेळ येऊ नये, एवढ्याचसाठी आपला इतका वेळ घेतला.